वाक्य पुरं करणारी माणसं

गुढीपाडवा होऊन गेला की आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उकाड्यावर बोलणं सुरू होतं. तळमजल्यावर दार बंद झालं की कुणीतरी म्हणतं, "यंदा फारच आहे." दुसरं कुणी म्हणतं, "मागच्या वर्षी इतका नव्हता." मागच्या वर्षीही हेच म्हटलं होतं, पण ते दोघांनाही आठवत नाही. मागच्या वर्षीही दोघं बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं. मी एका कारखान्यात मोजमापाच्या विभागात नोकरीला आहे. तयार झालेला भाग ठरलेल्या मापाचा आहे की नाही, एवढंच दिवसभर पाहतो. त्यामुळे असेल, पण पुण्यात वारज्याच्या या इमारतीत राहायला आल्यापासून लिफ्टमध्ये मापात बसणारं वाक्य मी एकही ऐकलेलं नाही. आमचा मजला येईपर्यंत मान हलवतो आणि उतरतो. लोक मला शिष्ट म्हणतात. त्यांना तसं म्हणायलाही काहीतरी लागतंच.

एरवी मला उन्हाळा आवडतो. माठातल्या पाण्याला येणारा वाळ्याचा वास, गच्चीत जुन्या साडीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या, त्या अर्ध्याकच्च्या असताना उचलून खाल्ल्यावर टाळूला चिकटतात ते, रस्त्याच्या कडेला एका आठवड्यात पिवळाजर्द होणारा बहावा. दुपारी महामार्गाकडून धुळीचा वारा येतो आणि गॅलरीतल्या फरशीवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर ठेवून जातो. संध्याकाळी ऊन उतरलं तरी पश्चिमेची भिंत बराच वेळ गरम राहते. तिला पाठ लावून बसलं की दिवसभर दुखलेली कंबर शेकून निघते. एक कोकीळही आहे. त्याच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एकच गोष्ट चढत्या आवाजात सांगत राहायची आणि समोरून उत्तर आलं की नाही याची वाट न पाहता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, याला आपल्याकडे गाणं म्हणतात.

पण गेली काही वर्षं उन्हाळा आला की मला एकच उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आईची वाचा गेली आणि बाकी सगळ्यांची सुटली.

वडील गेल्यानंतर आई मंडईजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती. होळी झाली आणि तिला अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलमधून तिला आम्ही थेट वारज्याला आणलं. उजवा हात आणि पाय अधू झाले होते. काठी घेऊन ती घरातल्या घरात चालू लागली. कान शाबूत होते. बुद्धी शाबूत होती. शब्द मात्र उशिरा यायचे. आई जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या उमेदीच्या काळात मुंबईला बोलायचं तर कॉल नोंदवून वाट पाहावी लागे, आणि लागला की मगच घंटा वाजे. आता तिचे शब्द तसे येत. ती नोंदवून बसायची. घंटा वाजायच्या आत समोरचा माणूस फोन खाली ठेवायचा.

मंडईतला तो जिना चढणं आता तिला शक्य नव्हतं. त्यामुळे आई यापुढे कुठे राहणार, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात आमच्या घरात मुक्कामाला होता. येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याचं उत्तर होतं. आईला कुणी विचारत नव्हतं, आणि चुकून विचारलं तर उत्तर येईपर्यंत थांबत नव्हतं.

आजाऱ्याला भेटायला जाण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. शहाळं न्यायचं, दाराबाहेर चपला काढतानाच चेहरा उतरवायचा, आणि आत आलं की बोलायला लागायचं. आमच्या ओट्याखाली शहाळ्यांची रांग लागली होती. आईला शहाळं आवडत नाही. तिने ते सांगायचा प्रयत्नही केला. "मला शहाळं..." एवढं तिच्या तोंडून बाहेर पडलं की "आवडतं ना? म्हणूनच आणलं" असं उत्तर मिळे आणि पुढच्या खेपेला दोन येत. तिच्याशी सगळे ओरडून बोलत. जिभेचं दुखणं लोकांनी परस्पर कानाला लावलं होतं. ती समोर खुर्चीत बसलेली असताना मला विचारत, "ओळखतात का?"

"तिलाच विचारा," मी म्हणायचो.

मग तिच्याकडे वाकून, "ओळखलंत का? मी कोण? सांगा बघू." आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःचं नाव सांगून टाकत. प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, आणि जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून "येईल हो हळूहळू ओळख" असा नापासाचा शेराही त्यांचाच.

मोजायची सवय लागलेल्या माणसाला ती घरी आल्यावर काढून ठेवता येत नाही. घड्याळ लावून बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून अंदाजाने सांगतो. पाहुणा सगळ्यांत जास्त वेळ स्वतःच्या नात्यातल्या अशाच एका पेशंटबद्दल बोले. त्याच्या खालोखाल एखाद्या वैद्याबद्दल आणि त्याच्या तेलाबद्दल. लग्नसराईचे दिवस होते, त्यामुळे बरेच जण एका फेरीत पत्रिकाही उरकून घेत. त्यांचा काही वेळ कार्यालयाच्या पार्किंगची अडचण समजावण्यात जाई. उरलेल्या वेळात पन्हं. आईच्या वाट्याला जे येई ते मोजायला कारखान्यातून मायक्रोमीटर आणावा लागला असता.

आणि या सगळ्यांना जाताना समाधान वाटे, हे मला सगळ्यांत जास्त खुपायचं. आपण काहीतरी करून आलो, असा तो चेहरा असतो.

मधुमामा हे आईचे धाकटे भाऊ. कॉलेजातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून व्याख्यानं देतात. ते आले तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी घरात वीज नव्हती आणि मामांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"ताई, मी आलोय. मी. तुझा मधू," मामा शेजारच्या फ्लॅटलाही कळेल अशा बेताने म्हणाले.

आई म्हणाली, "मधू... तू..."

"हो, मीच."

"तू जरा..."

"पाणी हवंय? विद्या, पाणी आण गं ताईला."

विद्या, माझी बायको, पाणी घेऊन आली. आईने मान हलवली. "नको. तू जरा..."

"खिडकी उघडू? उघडीच आहे. मग उशी. मी सांगतो, हिला उशी हवीय. लहानपणापासून हिला पाठीला उशी लागते."

उशी आली. आईने ती पाठीशी घेतली आणि डोळे मिटले.

"बघितलंस?" मामा मला म्हणाले. "नुसत्या डोळ्यांवरून कळलं पाहिजे माणसाला. संवाद हा शब्दांचा नसतोच मुळी."

त्यानंतर तासभर ते शब्दांतच बोलले.

त्याच आठवड्यात शेख मॅडम यायला लागल्या. बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करण्याचं शिक्षण घेतलेली ही मुलगी स्कूटरवरून रविवार पेठेतून येत असे. त्यांच्या घरच्यांचं तिथे पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. "आमच्याकडे दिवसभर ठोकाठोक," त्या म्हणायच्या. "कुणी हळू बोललं तर मला आधी तेच ऐकू येतं." पहिल्या दिवशी त्या अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या आणि आम्ही आईशी कसं बोलतो ते पाहत राहिल्या. मग मला आणि विद्याला बाहेर गॅलरीत घेऊन गेल्या.

"काका, आजींचे शब्द हरवलेले नाहीत. त्यांना यायला वेळ लागतो, एवढंच. मधे तुम्ही तुमचा शब्द दिलात की त्यांना पहिल्यापासून सुरू करावं लागतं. प्रश्न एकच विचारायचा. मग मनात दहा आकडे मोजायचे. तोवर तोंड बंद."

"आणि दहानंतर?"

"पुन्हा दहा."

"आम्ही मदत म्हणून शब्द देतो," विद्या म्हणाली.

"माहीत आहे, काकू. सगळेच देतात. आत्ताचे दिवस महत्त्वाचे आहेत. आत्ता जेवढं बोलतील तेवढं परत येईल. नाही बोलल्या, तर एक दिवस त्या प्रयत्न सोडून देतील. मग मान हलवून काम भागवतात. बरेच पेशंट असे गप्प होतात." मग स्कूटरची किल्ली शोधत म्हणाल्या, "घरचे फार प्रेमळ असले की होतं असं."

दहा आकडे म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. करून पाहा. चारपाशी माणसाला घसा खाकरावासा वाटतो. सहापाशी समोरच्याला काय म्हणायचं आहे ते आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त चांगलं कळलेलं असतं. आठपाशी आपण थांबून राहिलो याबद्दल आपल्याला स्वतःचं कौतुक वाटू लागतं, म्हणजे ऐकणं तिथेच संपलेलं असतं. मी कोकणातले घाट पायी चढलो आहे. हे त्याहून अवघड आहे. पण त्या थांबण्यात घरात एरवी न ऐकू येणाऱ्या गोष्टी ऐकू यायला लागल्या. पंख्याचं एक पातं किंचित कुरकुरतं. शेजारच्या कुकरची शिट्टी अर्धीच वाजते. खालून भंगारवाला जातो आणि त्याची हाक इमारतीच्या कोपऱ्यावर वळताना बदलते. आई श्वास घेते, ओठ मिटते, पुन्हा उघडते, आणि डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेवते. मग शब्द येतो.

शेख मॅडमनी विचारलं, "आजी, आज जेवण कसं होतं?"

आम्ही मोजत बसलो. पंखा कुरकुरला.

"पोळी," आई म्हणाली. आणखी थांबून म्हणाली, "कडक."

विद्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "बोलता येत नव्हतं तेच बरं होतं, आई," ती म्हणाली, आणि आई हसली. झटका आल्यानंतर प्रथमच आवाज करून हसली. त्याच दिवशी संध्याकाळी तिने मामांच्या वेळचं राहिलेलं वाक्यही पुरं केलं. "मधू... जरा हळू... बोल. म्हणत होते." पाणी, खिडकी आणि उशी मिळून जे समजलं होतं, ते एवढंच होतं.

आई मुळातच कमी बोलणारी. एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं, हे तिचं काम. घरीही ती तशीच वागली. भाचरांची भांडणं, जावांच्या कागाळ्या, मामांच्या पहिल्या प्रेमाचं प्रकरण, सगळं तिच्याकडे यायचं आणि तिथेच राहायचं. नातेवाईक तिला 'मनमोकळी' म्हणत. खरं तर मन मोकळं व्हायचं ते त्यांचं. हिचं मन त्यांच्या सामानाने भरलेलं. इतक्या वर्षांत तिला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, कोण भेटलं की बरं वाटतं, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. बोलणाऱ्यांची ही एक मजा असते. ज्याच्यापाशी ते सगळ्यांत जास्त बोलतात, त्याच्याबद्दल त्यांना सगळ्यांत कमी माहिती असते.

मे महिन्यात, आंबा चांगला उतरल्यावर, एका रविवारी सगळे जेवायला जमले. माझा थोरला भाऊ ठाण्याहून आला होता. त्याला आम्ही दादा म्हणतो. मामा होते. आमरसाचं पातेलं मध्ये होतं, आणि विषय आई कुठे राहणार हाच होता. आई डाव्या हाताने चमच्याने रस खात होती.

"तिला मी ठाण्याला नेतो," दादा म्हणाला. "आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"पुण्याची हवा तिला मानवते," मामा म्हणाले. "ताई पुण्याबाहेर रमायची नाही. मला विचार."

"इथे दोघंही दिवसभर बाहेर. तिच्याकडे बघणार कोण?"

"बाई ठेवता येते. ताईला माणसं लागतात. गजबज लागते तिला."

विद्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. तिने चमचा ताटात ठेवला आणि बोट गुडघ्यावर ठेवलं. "मी..." ती म्हणाली. "कुसुमकडे..."

कुसुमताई या आईच्या एक्सचेंजमधल्या मैत्रीण. लग्न केलं नाही. काही वर्षांपूर्वी लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत असलेल्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. आई धडधाकट असताना महिन्यातून एखादी फेरी त्यांच्याकडे करत असे.

"कुसुमला भेटायचंय तिला," मामा म्हणाले.

"भेटवून आणू की," दादा म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. त्याने हात पुसले आणि आईकडे वळला. "आई, मला कळलं तुझ्या मनात काय आहे. कुसुमताईंना बिचाऱ्यांना कुणी नाही, म्हणून त्या आश्रमात पडल्यात. तुझं तसं होणार नाही. दोन मुलगे उभे आहेत तुझे. मी जिवंत असेपर्यंत तुझ्यावर ती वेळ येऊ देणार नाही. शब्द देतो तुला." त्याचा आवाज जड झाला. मामांनी चष्मा काढून पुसला. "वा," ते म्हणाले. "याला म्हणतात संस्कार."

आईने तोंड मिटलं आणि चमचा उचलला. सगळ्यांना ती निश्चिंत झाल्यासारखी वाटली. रसाची वाटी पुन्हा फिरली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आई गॅलरीत त्या गरम भिंतीला पाठ लावून बसली होती. विद्याने कुंडीतली मोगऱ्याची फुलं काढून तिच्या मांडीवर टाकली होती. मी वेताचा मोडा ओढून समोर बसलो.

"आई, दुपारी तुझं राहिलं. कुसुमताईंकडे काय?"

मी मोजायला लागलो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी बाद झालं आणि त्यावर वाद सुरू झाला. मी दुसऱ्यांदा दहापर्यंत गेलो.

"राहायचंय," आई म्हणाली.

मला ऐकू आलं होतं. तरी मी आणखी मोजत राहिलो. तिने पुन्हा सगळं गोळा केलं. "मला... कुसुमकडे... राहायचंय."

"का?" मी विचारलं.

हे उत्तर यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "तिथे... कोणी... घाई... करत नाही."

ऐकावं, कमी बोलावं, असं सगळेच सांगतात. त्याचे फायदेही सांगतात. माणसं जोडली जातात, ज्ञान मिळतं, मन शांत राहतं. मामांच्या एका व्याख्यानात असे सहा फायदे आहेत. त्यातली अडचण कुणी सांगत नाही. एकदा नीट ऐकलं की ते करावं लागतं. न ऐकणाऱ्याचं बरं असतं. तो शब्द देतो, गहिवरतो, रस खातो आणि ठाण्याला परत जातो. माझ्या पुढ्यात मात्र आता एक पुरं वाक्य होतं, आणि ते मला आवडलेलं नव्हतं. आईने माझ्याकडे राहावं असं मला वाटत होतं. तिने तसं म्हणावं असंही वाटत होतं.

विद्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. "माझं काही चुकलं का, आई?" ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "चुकलंच असणार. दिवसभर तुम्ही एकट्या, मी आले की नुसती धावपळ..."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली. पदराने नाक पुसून खाली फरशीवर बसली, आणि आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.

"पोळी सोडून," आई म्हणाली, "काही नाही."

त्या आठवड्यात मी दादाला फोन केला. तो आधी हसला, मग चिडला. "तिला दोन शब्द धड जोडता येत नाहीत, आणि ती एवढं बोलली म्हणतोस? तू तिच्या तोंडी घातलंस हे. तुम्हाला जड झाली असेल तर सरळ सांग ना." ज्यांनी त्या उन्हाळ्यात आईच्या तोंडी पाणी, खिडकी, उशी, शहाळं आणि आश्रमाची भीती घातली होती, त्यांच्यातर्फे मला हे ऐकवलं जात होतं.

"दे तिला फोन," तो म्हणाला.

"फोनवर तू थांबणार नाहीस. इथे ये. येऊन बस. आणि 'झालं माझं' असं ती म्हणेपर्यंत बोलू नकोस."

तो आला. मामांनाही घेऊन आला, पाठिंब्यासाठी. आई खुर्चीत बसली होती. विद्याने तिला इस्त्रीची साडी नेसवली होती. दादा तिच्या समोर स्टुलावर बसला. मी मामांना आधीच सांगितलं होतं की मधे बोलायचं नाही. "मी कशाला बोलू?" ते म्हणाले, आणि ऐकणं ही कशी साधना आहे यावर बोलत राहिले. शेवटी विद्या म्हणाली, "मामा, तुम्ही आत येता का जरा? पन्हं गाळायचंय." त्यांना आत नेऊन तिने त्यांच्या हातात गाळणं दिलं.

"आई, बोल," दादा म्हणाला.

आईने बोट गुडघ्यावर ठेवलं. "मला..."

आम्ही थांबलो.

"मला... तुझ्या..."

"माझ्याकडे यायचंय," दादा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? आई, तू काही..."

आईने डावा हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. मारल्यासारखा नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा अलगद, पण घट्ट. पन्नाशी उलटलेला माझा भाऊ त्या हातामागे गप्प झाला. हात तिने काढला नाही.

"तुझ्याकडे... नको," ती म्हणाली. "याच्याकडे... नको. तुम्ही... चांगले... आहात." मग खूप वेळ काहीच नाही. पंखा फिरत होता. आतून गाळण्याचा आवाज येत होता. "मला... माझं... बोलू... दे. कुसुम... देते."

हात खाली आला. दादाच्या मिशीला तिच्या तळव्याचा घाम लागला होता. मग त्याने तिची काठी उचलून तिच्या हाताशी नीट टेकवून ठेवली. "कधी जायचं?" त्याने विचारलं, आणि थांबला. मोजत होता की नाही, मला माहीत नाही. पण थांबला.

पाऊस लागायच्या आत आम्ही तिला लोणीला पोचवलं. तिच्या खोलीत दोन खाटा आहेत, दुसरी कुसुमताईंची. खिडकीतून उसाचं रान दिसतं आणि वारा तिकडून आला की लांबच्या ट्रकांचा आवाज येतो, तो अंगावर येत नाही. कुसुमताई प्रश्न विचारतात आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतात. उत्तर येईपर्यंत दाणे साठत जातात. सुरुवातीला वाटीभर व्हायचे; आता मूठभर झाले की आई बोललेली असते. शेख मॅडम दोन महिन्यांनी तिला पाहायला गेल्या तेव्हा परत येताना मला म्हणाल्या, "काका, तिथे मला करण्यासारखं काही उरलेलं नाही."

लोकांना मात्र बोलण्यासारखं मिळालं. "आईला आश्रमात टाकलं" हे वाक्य त्या वर्षीच्या लग्नसराईत आमच्या पुढे पुढे प्रत्येक कार्यालयात पोचलेलं असायचं. ज्या बाईंनी आणलेली शहाळी आम्ही शेवटी वॉचमनला दिली, त्या बाई पंगतीत माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "अहो, पण त्यांच्याशी बोलायला तरी कोण असेल हो तिथे?" मी मठ्ठा वाढून घेतला. या बाईंना उत्तर द्यावं असं वाटण्याइतका मी अजून खाली आलेलो नाही. लोणीला आजवर त्यांच्यापैकी एकही गेलेलं नाही. मामा म्हणतात, "जायचं आहे रे, पण रस्ता फार वाईट." ते व्याख्यानांसाठी साताऱ्यापर्यंत जातात.

यंदाच्या वसंतात मामांचं व्याख्यान होतं, 'हरवत चाललेला संवाद' या विषयावर. विद्या म्हणाली, "जा तुम्ही, पण प्रश्नोत्तरांत काही विचारू नका." ती वेळ आलीच नाही. मामा वेळेपेक्षा जास्त बोलल्यामुळे प्रश्नोत्तरं रद्द करावी लागली. आभार मानणाऱ्यांनी त्यांना 'उत्तम श्रोता' म्हटलं, आणि मी खुर्चीतून उठलो.

परवाच्या रविवारी हे सगळं मी आईला सांगितलं. व्हरांड्यात ऊन पायरीपर्यंत आलं होतं, उसाच्या रानातून गरम वारा येत होता आणि कुसुमताई सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. मी मामांची नक्कल केली. पंगतीतल्या बाईंचा आवाज काढला. लिफ्टमधले संवाद सांगितले. माणसं किती बोलतात, ऐकत कशी नाहीत, हे मी बराच वेळ, तपशीलवार, एकही मुद्दा न सोडता सांगितलं. आई माझ्याकडे पाहत होती. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा तिचं बोट गुडघ्यावर होतं. किती वेळापासून होतं, कुणास ठाऊक.

मी थांबलो. यावेळी आकडे मोजले नाहीत.

"बोलायला... येऊ नकोस," आई म्हणाली. "बसायला ये."

कुसुमताईंनी वर न पाहता सूप माझ्याकडे सरकवलं.